मिळेल आणि मिळावं

बँकेत चिकटून मला आता १९ वर्षं झाली. एवढ्या काळात माझा जाहीर गौरव एकदाच झाला. २०१६च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या रांगेतून एका म्हातारबुवांनी सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात मला ‘कासव’ म्हटलं. पुढे पाचच महिन्यांनी, एप्रिल २०१७मध्ये, ‘कासव’ याच नावाच्या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ जाहीर झालं, तेव्हा मला उगाचच आतून बरं वाटलं. चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण गौरवाच्या बाबतीत माणूस शेजारच्या बारशाचे पेढेसुद्धा आपलेच समजून खातो.

घरी तर आनंदच आहे. सौ.च्या मते मला आयुष्यात एकच पुरस्कार मिळाला, तो म्हणजे ती स्वतः. आणि तोही गुणवत्तेवर मिळालेला नाही.

मान म्हणाल तर मला एकाच ठिकाणी आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये. मी तळेगावला चढतो. आमच्या डब्यात सात जणांचं मंडळ आहे. त्यात कोणालाही कोणाचं आडनाव नीट माहीत नाही. ज्याचं जे स्टेशन तेच त्याचं नाव. चिंचवड आणि आकुर्डी माझ्या आधीपासून बसलेले असतात. पुढे कान्हे चढतो, कामशेत चढतो. वडगाव हा एकटा उतरण्याच्या स्टेशनावरून ओळखला जातो. तो वडगावच्या कोर्टात कारकून आहे. तळेगाव सुटलं की तो वादाला तोंड फोडतो आणि उत्तर यायच्या आत उतरून जातो. याला तो ‘तारीख देणं’ म्हणतो. शेवटी मळवली. हे गृहस्थ वयानं मोठे, केस पांढरे, आणि त्यांना बोलायला एकच स्टेशन मिळतं. त्यामुळे ते चर्चा करत नाहीत, थेट निकाल देतात.

या मंडळाचा छंद म्हणजे सिनेमाच्या पुरस्कारांची भाकितं. राष्ट्रीय पुरस्कार असोत, फिल्मफेअर असो की तिकडचं ऑस्कर, यादी जाहीर होण्याआधी प्रत्येकानं आपले अंदाज कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचे. (बँकेचा माणूस म्हणून ठेव माझ्याकडे.) ज्याचं जास्त चुकेल त्यानं लोणावळा स्टेशनवर सगळ्यांना वडापाव द्यायचा. चिक्की का नाही, असं विचाराल तर आपण बाहेरचे आहात. रोज लोणावळ्याला जाणारा माणूस चिक्की खात नाही, फक्त पाहुण्यांना देतो.

सांगायला संकोच वाटतो, पण गेल्या नऊ वर्षांत मी एकदाही वडापाव दिलेला नाही. याचं श्रेय माझ्या बी.कॉम.ला आहे. बाकीची मंडळी सिनेमा पाहतात. मी शक्यतो पाहत नाही. सिनेमा पाहिला की मत होतं, आणि मत झालं की अंदाज चुकतो. माझ्या वहीत समोरासमोर दोन रकाने असतात. डावीकडे ‘मिळावं’, उजवीकडे ‘मिळेल’. डाव्या रकान्यात मंडळाची भांडणं जशीच्या तशी उतरवायची आणि तिथून नजर काढून घेऊन उजवा रकाना भरायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर डावीकडची सगळी ‘येणे बाकी’. ती वर्षानुवर्षं येणेच राहते आणि एक दिवस बुडीत खाती जाते.

उजवा रकाना कसा भरायचा याचे माझे काही ठोकताळे आहेत. नटानं त्या भूमिकेसाठी अंग रोडावलं असेल किंवा वाढवलं असेल तर त्याला वजन द्यायचं. गोष्ट खरी घडलेली असेल तर दोन गुण जास्त. पूर्वी एखाद्याला द्यायचं राहून गेलं असेल तर ते थकीत व्याजासकट आता दिलं जाईल असं धरायचं. आणि आई असेल तर काही विचारच करायचा नाही.

शेवटचा ठोकताळा मला २०२५मध्ये फार उपयोगी पडला. ‘श्यामची आई’ नव्यानं पडद्यावर आणली होती सुजय डहाके यांनी. मंडळात त्यावर बराच खल झाला. मी मात्र डोळे मिटून उजव्या रकान्यात तेच नाव लिहिलं. अहो, १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक घेऊन गेली ती आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’. त्यानंतर मराठी चित्रपटाला देशात पहिला नंबर मिळायला २००४ उजाडलं आणि ‘श्वास’ आला. पन्नास वर्षं! एवढ्या काळात आमच्या बँकेत ठेव कितीदा दुप्पट झाली असती! अशा आईला नाही म्हणायची कोणत्या परीक्षकाची छाती आहे? १ ऑगस्टला यादी लागली आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘श्यामची आई’च. मी तो पाहिला नव्हता हे मंडळाला सांगितलं नाही.

त्या यादीवर पुढचे पंधरा दिवस डब्यात जे काही झालं त्याला तोड नाही. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक दोघांत विभागून दिलेलं: ‘जवान’साठी शाहरुख खान आणि ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत मॅसी. शाहरुख खानचा हा पहिला राष्ट्रीय पुरस्कार, तोही पडद्यावर येऊन तेहेतीस वर्षं झाल्यावर. वडगावनं तळेगावातच आवाज चढवला. म्हणाला, “खटला २०२३च्या एका सिनेमाचा आहे की आसामीच्या जन्मभराच्या चारित्र्याचा? एका कामाचं बक्षीस असेल तर तेवढंच काम बघा. मागचं रेकॉर्ड पुराव्यात कसं घेता?” आणि उतरला. उत्तर द्यायला कान्हे चढायच्या तयारीत होताच. त्याचं म्हणणं, मागची येणी कधीतरी चुकती करायलाच हवीत; ती आजच्या नावावर खतवली तर बिघडलं कुठे? आकुर्डी म्हणाला, बिघडतं ते असं की आजच्या दिवशी ज्याचं पूर्ण येणं होतं त्याला अर्धं मिळतं. मग तो आपल्या उरलेल्या अर्ध्यासाठी तेहेतीस वर्षं थांबणार, आणि तेव्हा तिसऱ्याच कोणाचं तरी अर्धं कापलं जाणार.

मला हे हिशेबाच्या दृष्टीनं पटलं. बुडीत खातं असं एकदा मागच्या सालातून पुढच्या सालात ओढायला लागलं की ताळेबंद कधीच जुळत नाही. पण मी बोललो नाही. माझं काम उजवीकडचं.

मळवली चढले आणि त्यांनी आपल्या दहा मिनिटांत प्राणची गोष्ट सांगितली. १९७३चं फिल्मफेअर. ‘बेईमान’साठी प्राणला सहायक अभिनेत्याचं पारितोषिक जाहीर झालं आणि त्यानं ते नाकारलं. का, तर संगीताचं पारितोषिकही त्याच ‘बेईमान’ला गेलं होतं, आणि प्राणच्या मते ते ‘पाकीजा’च्या गुलाम मोहम्मदचं होतं. गुलाम मोहम्मद तर १९६८मध्येच वारलेला. मेलेल्या माणसाला त्याची खबरही लागणार नव्हती. स्वतःचा सिनेमा जिंकलाय, स्वतःच्या हातात बाहुली येतेय, आणि हा गडी म्हणतो, शेजारच्याची आधी द्या. “आयुष्यभर खलनायक केला त्यानं,” मळवली म्हणाले, आणि लोणावळा आलं.

मी वहीत ते लिहून घेतलं. कोणत्या रकान्यात घालावं ते मात्र समजेना. शेवटी समासात लिहिलं.

आमच्या लोणावळ्याशी बांधलेला माणूस म्हणजे धर्मेंद्र. इथं त्यांचं शेतघर. उतारवयात ते मुक्कामाला इथंच असायचे. २०२५च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा गावातल्या भाजीवाल्यापासून सगळे हळहळले. तर या माणसाला फिल्मफेअरनं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक एकदाही दिलं नाही. ‘सत्यकाम’ला नाही, ‘चुपके चुपके’ला नाही. १९९७मध्ये जीवनगौरव दिला, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून हसत सांगितलं, की दर वर्षी आता आपल्यालाच मिळणार म्हणून मी सूट शिवत होतो आणि त्यावर जुळणारा टाय शोधत होतो. लोक हसले. मीही ती चित्रफीत पाहून हसलो. मग रात्री माझ्याच कपाटातला सफारी दिसला. २०१४मध्ये विभागीय कार्यालयातून एक कौतुकाचं प्रमाणपत्र येणार अशी कुणकुण होती, तेव्हा शिवलेला. टाय नव्हता एवढंच.

सौ.ला हे सगळं पटत नाही. ती भानू अथैय्यांचा दाखला देते. कोल्हापूरची बाई, ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३मध्ये भारतातलं पहिलं ऑस्कर घेऊन आली, आणि २०१२मध्ये नीट जपलं जावं म्हणून ती बाहुली अकादमीकडेच परत ठेवायला दिली. “काम करून झालं, बाहुली घेऊन झाली, आता धूळ तुम्हीच पुसा म्हणाली. शहाणी बाई,” असं सौ. म्हणते. मी म्हणतो, परत देण्यासाठी आधी मिळावी लागते. यावर आमचं दोघांचं कधी एकमत झालं नाही.

एवढी प्रस्तावना झाली. आता मूळ गोष्ट सांगतो, जी मी डब्यात सांगितलेली नाही.

२०२५च्या जुलैत आमच्या शाखेत एक परिपत्रक आलं. विभागातून एका गुणवंत कर्मचाऱ्याचा सत्कार व्हायचा होता. प्रत्येक शाखेनं एकच नाव पाठवायचं, शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत कोणाचंही. शाखाधिकारी नवीन, परप्रांतातून बदलून आलेले. त्यांना माणसांची माहिती नाही. माझ्या लोकलमधल्या कीर्तीची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचली होती. अर्ज माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “आप ही भर दीजिए. आप का अंदाज़ा कभी ग़लत नहीं होता.”

आता शाखेतल्या कोणालाही विचारलं असतं तरी डाव्या रकान्यातलं नाव एकच निघालं असतं: आमचे दफ्तरी मामा. मामा पवनेच्या खोऱ्यातले. गो. नी. दांडेकरांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’वर १९६६मध्ये चित्रपट निघाला आणि त्याला मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आमच्या पवन मावळाच्या वाट्याला मानाचं म्हणून जे आलं ते बहुधा तेवढंच. मामांनी तो सिनेमा पाहिलेला नाही. “आपल्याच गावाकडचं काय बघायचं?” असं म्हणतात.

या मामांचं एक प्रकरण मला माहीत होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ कोकणातून घाट चढून मावळात शिरलं. गुलाबांच्या पॉलिहाऊसचे कागद उडाले, विजेचे खांब आडवे झाले, घराघरांवरचे पत्रे गेले. आधीच टाळेबंदी, लोकल बंद. दुसऱ्या दिवशी मी तळेगावहून फोन केला, की रस्त्यावर झाडं पडली आहेत, येणं अशक्य आहे. झाडं पडली होती हे खरं. किती पडली होती ते पाहायला मी बाहेर गेलो नव्हतो. मामांनी आपली गाडी दुधिवरे खिंडीच्या अलीकडे ओळखीच्या घरी लावली, आडव्या झाडांवरून चढून खिंड ओलांडली आणि पुढचं सगळं अंतर पायी तुडवून शाखा उघडायच्या वेळी हजर झाले. महिन्याचा पहिला आठवडा; दारात पेन्शनवाले म्हातारे उभे. वीज नाही. मामांनी कुठून तरी डिझेलचा कॅन पैदा करून जनरेटर चालू केला आणि संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. ही गोष्ट मला म्हाताऱ्यांकडून कळली. मामा बोलले नाहीत.

अर्ज घेऊन मी बसलो आणि सवयीनं उजवा रकाना भरायला लागलो. विभागीय कार्यालयात अर्ज वाचणार कोण? आकडे वाचणारी माणसं. अर्जातच रकाने होते: किती ठेवी आणल्या, किती विमा पॉलिसी विकल्या, किती कर्जप्रकरणं मार्गी लावली. मामांच्या रकान्यात मी आकडा कुठला लिहू? ‘खिंड ओलांडली: एकदा’? आमच्याकडे एक तरुण अधिकारी आहे. गुणी मुलगा, त्यानं त्या वर्षी पॉलिसी एवढ्या विकल्या, की लोक त्याला पाहून फुटपाथ बदलायचे. त्याचं नाव लागणार हे मला लख्ख दिसत होतं. मी ते लिहिलं. ऑगस्टमध्ये निकाल आला. नाव लागलं. शाखाधिकाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

अर्थशास्त्राच्या पेपराला आम्हाला केन्स होता. त्यानं १९३६च्या ग्रंथात वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर चेहऱ्यांतून सुंदर सहा निवडायचे. पण बक्षीस त्याला, ज्याची निवड सगळ्यांच्या सरासरी निवडीशी जुळेल. मग प्रत्येक जण स्वतःला कोण आवडलं ते सोडून इतरांना कोण आवडेल याचा विचार करतो, आणि इतरही तेच करत असतात. केन्सनं हे शेअरबाजाराविषयी लिहिलं होतं. परीक्षेत मला त्यावर दहापैकी सात मिळाले होते. पण त्या स्पर्धेत खरोखर सुंदर चेहऱ्याचं काय होतं हा प्रश्न आम्हाला कोणी घातला नाही, आणि मलाही तो ऑगस्टपर्यंत पडला नव्हता. लोकलमध्ये मी काहीही भाकीत केलं तरी दिल्लीत पान हलत नाही. शाखेत मात्र माझं भाकीत हेच माझं मत होतं. पावसाचा अंदाज सांगणाऱ्याच्याच हातात नळ द्यावा, आणि त्यानं ‘पाऊस पडणार नाही’ म्हणून नळ बंद करून ठेवावा, तसं काहीसं मी करून बसलो होतो. वर अंदाज खरा ठरला म्हणून पाठीवर थापही घेतली होती.

बरं, मामांना कळणार नाही म्हणावं, तर आवक-जावक त्यांच्याचकडे. अर्जाची झेरॉक्स त्यांनीच काढली, पाकीट त्यांनीच चिकटवलं. निकालाच्या दिवशी चहा ठेवताना म्हणाले, “साहेब, नाव बरोबर दिलंत. ते लागनारच होतं. तुमचं कंदी चुकत न्हाई.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. टोमणा नव्हता. त्यांचाही उजवा रकाना तयारच होता. माझा नऊ वर्षांचा असेल, त्यांचा साठ वर्षांचा.

३० सप्टेंबरला मामा निवृत्त झाले. आदल्याच आठवड्यात दिल्लीत पुरस्कार समारंभ झाला होता. बालकलाकार म्हणून ज्या पाच मुलांना गौरवलं त्यातली चार मराठी सिनेमांतली. ‘नाळ २’मधली एवढीशी त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींसमोर उभी राहिली. मामांनी ते मोबाईलवर दहा वेळा पाहिलं आणि आल्या-गेल्या खातेदाराला दाखवलं. “बगा की, कशी ऐटीत गेली! त्या लेकराला ठावं बी नसंल काय घेतलं ते.” एवढा निर्मळ आनंद मी कोणा जिंकणाऱ्याच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

निरोप समारंभात शाल, नारळ, समोसा आणि वेफर्स झाल्यावर मी बोलायला उठलो. सहसा मी उठत नाही. वादळाची गोष्ट सांगितली. फोन केला होता आणि घराबाहेर पाहिलं नव्हतं, तेही सांगितलं. मग जुलैतल्या अर्जाचं सांगितलं. कोणाचं नाव लिहायला हवं होतं आणि कोणाचं लिहिलं, हे त्या तरुण अधिकाऱ्यासमोरच सांगितलं. तो बिचारा टाळ्या वाजवत होता. शाखाधिकाऱ्यांना मराठी पुरतं कळत नसल्यानं तेही वाजवत होते. मी जरा रंगात येऊन म्हणालो, “मामांनी त्या दिवशी आठ-दहा झाडं ओलांडली.” मामा शालीतूनच म्हणाले, “तीनच व्हती.” आणि मग, सगळे हसायचे थांबल्यावर, “एक लई मोठं व्हतं पर.”

लोकलमध्ये हे बोललो नाही, कारण वडगाव काय विचारील ते मला माहीत आहे. आरोपीनं गुन्हा कबूल केला म्हणून फिर्यादीचं येणं फिटतं काय? आणि तो उतरून जाईल. मळवलींना मात्र एकदा एकटं गाठून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच निकाल न देता ते लोणावळ्याला उतरले.

भातकापणी झाल्यावर नोव्हेंबरअखेर मामा तळेगावात घरी आले. खांद्यावर दहा किलोंची पिशवी: नवा इंद्रायणी. हा तांदूळ आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७मध्ये बाहेर पडला. अर्ध्या महाराष्ट्राच्या घरात आज त्याचा वास सुटतो, पण तो तयार करणाऱ्या माणसांची नावं ताटावर बसलेल्या कोणालाही सांगता येत नाहीत. मीही मावळातला, रोज वडगाववरून जातो. मलाही येत नाहीत. मामांनी चहा घेतला, गुडघ्याची तक्रार सांगितली, नातवाला लोणावळ्यात कॉलेजला घातल्याचं सांगितलं आणि पैशाचा विषय काढू दिला नाही.

ते गेल्यावर सौ.नं पिशवीत हात घालून तांदूळ हुंगला. म्हणाली, “छान आहे हो. पण एवढा कशाबद्दल?”

मी म्हटलं, “नाव बरोबर दिल्याबद्दल.”